घेवडे, वाटाणे आणि गेन्याचं ताट

स्तेफा डूडाला कोणी विचारलं, बाई तू काम काय करतेस, तर ती म्हणायची, "पुठ्ठ्याला भोकं पाडते." यात खोटं काही नव्हतं. न्यू जर्सीतल्या एका टेकडीवर टेलिफोनवाल्यांची मोठी प्रयोगशाळा होती. तिच्या तळमजल्यावर, एका लांबट खोलीत बायकांची रांग दिवसभर मशिनांपुढे बसून कार्डं पंच करायची. वरच्या मजल्यावरचे विद्वान कागदावर काहीबाही खरडून खाली पाठवायचे, बायकांनी एकेका ओळीचं एकेक कार्ड करायचं, आणि मग तो गठ्ठा कॉम्प्युटर वाचायचा. काय वाचायचा ते स्तेफाला कळत नसे, आणि कळावं असा तिचा हट्टही नव्हता.

एक गोष्ट मात्र तिच्या बोटांत मुरली होती. कार्डं सगळी असून भागत नाही, ती ज्या क्रमानं असायला हवीत त्याच क्रमानं लागतात. म्हणून गठ्ठा बांधला की त्याच्या वरच्या कडेवर ती जाड पेनानं एक तिरकी रेघ ओढायची, या टोकापासून त्या टोकापर्यंत. गठ्ठा हातातून सुटून जमिनीवर पसरला, तरी रेघ जुळवत गेलं की कार्डं आपापल्या जागी. खोलीतल्या सगळ्याच बायका हे करायच्या, पण स्तेफाची रेघ बघण्यासारखी असे. शेजारच्या मशिनवरची ओपल म्हणायची, "हिच्या रेघेवरून बस जाईल."

घरातल्या माणसांवर अशी रेघ ओढून ठेवता येत नाही, एवढीच काय ती अडचण.

स्तेफाचे आईबाप पोलंडहून आलेले. पसेइकमध्ये गिरण्यांच्या मागे त्यांचं लाकडी घर होतं. बाप लोकर रंगवायच्या खात्यात, आई रुमालांना शिवण घालायला. मुली दोन. थोरली गेनोवेफा, तिला सगळे गेन्या म्हणत, आणि अकरा वर्षांनी मागून आलेली स्तेफा. गेन्या लग्न होऊन दूर उत्तरेला बफेलोला गेली आणि पुढच्याच थंडीत बाप गेला. स्तेफाला बाप आठवायचा तो फक्त वास म्हणून, ओल्या लोकरीचा आणि निळीचा. पुढं आईजवळ राहिली ती स्तेफाच. तिनं लग्न केलं ते दोन गल्ल्या सोडून, नवरा वारला तेव्हा परत आली ती आईच्याच घरात. आईला शेवटची सात वर्षं तिनं न्हाऊमाखू घातलं. गेन्या दर उन्हाळ्यात यायची, पेटी घेऊन आणि मतं घेऊन.

नाताळची आदली संध्याकाळ म्हणजे त्या लोकांची वर्षातली मोठी संध्याकाळ. दिवसभर उपास. आकाशात पहिला तारा दिसला की मगच टेबलाशी बसायचं. आधी पापडासारखी पातळ, देवाच्या चित्राची चकती एकमेकांच्या हातून मोडून खायची आणि मागचं सगळं माफ करायचं, मग जेवण. मांस नाही. पदार्थ बारा हवेत. स्तेफाच्या घरी पाव, मीठ, मध आणि किसलेला तिखट मुळा धरून कसेबसे बारा भरत. शिजवलेले आठच. आणि एक ताट जास्तीचं मांडायचं, रिकामं. अवचित कोणी दारात आलं तर त्याच्यासाठी.

पाच वर्षांपूर्वी, आई गेल्यानंतरच्या पहिल्या नाताळला, गेन्या आली आणि तिनं पळी हातात घेतली. स्तेफाच्या हिशेबी आईचा वाढायचा क्रम ठरलेला होता. आधी बिटाचं सार, मग खारवलेला हेरिंग मासा, उकडलेल्या करंज्यांसारखी पिएरोगी, मश्रूम, तळलेला कार्प मासा, कोबी, खसखशीच्या शेवया आणि शेवटी उकडलेली सुकी फळं. गेन्यानं आधी हेरिंग आणला, मग सार. पिएरोगी, मश्रूम आणि कार्प ठीक आले. मग कोबी गायब आणि त्या जागी गव्हाची खीर, मग फळं, आणि शेवया सगळ्यांत शेवटी.

स्तेफा हाताची घडी घालून न्यायाधीशासारखी बघत बसली होती. फळं आली तेव्हा तिच्यानं राहवलं नाही. ती म्हणाली, आईचं घर आहे, आईच्या पद्धतीनं वाढ. गेन्या म्हणाली, आई तुझ्या आधी अकरा वर्षं माझी होती. त्यावर स्तेफानं विचारलं की शेवटची सात वर्षं आई कोणाची होती, ते जरा सांग. पुढं दोघी काय काय बोलल्या ते जाऊ दे. शेवयांना कोणी हात लावला नाही. सकाळी गेन्यानं पेटी भरली.

तेव्हापासून फोन नाही. टेलिफोनवाल्यांच्या घरचं अन्न खाणारी बाई, पण बहिणीला फोन नाही. दर नाताळला ते रिकामं ताट पुसताना स्तेफा स्वतःला सांगायची, हे पाहुण्याचं आहे, गेन्याचं नाही. आणि जरा जास्तच पुसायची.

यंदा पानगळ संपली तशी तिला राहवेना. गेन्या आता सत्तरीला टेकली होती. तिला फोन करायचा, पण काय म्हणून? ये म्हणायचं, तर आधी कोणी तरी चुकलं असलं पाहिजे. आपण चुकलो असं स्तेफाला वाटत नव्हतं, आणि तू चुकलीस असं गेन्याला सांगितलं, तर ती कशाला येते!

त्याच सुमारास लेस्टर प्रूइट दोन गठ्ठे घेऊन खाली आला. हा वरच्या मजल्यावरचा गणिती, दाढीत पेन्सिल खोवून ती शोधत फिरणारा. एकाच कामाच्या दोन आवृत्त्या आहेत, म्हणाला, मूळची आणि कोणी तरी खाडाखोड केलेली. दोन्हींत क्रम न मोडता जास्तीत जास्त काय टिकून राहिलं, ते शोधायचंय.

स्तेफाचे हात थांबले. तिनं विचारलं, "एकाच बाईचं ताट दोघींनी दोन तऱ्हांनी सांगितलं, तर त्यातही हे चालतं का?"

लेस्टर हसला नाही. स्टूल ओढून बसला आणि म्हणाला, सांगा.

तिनं सगळं सांगितलं, शेवयांपर्यंत. मग दोन रद्दी गठ्ठ्यांतली कोरी कार्डं घेऊन एकेका पदार्थाचं एकेक कार्ड केलं. आठ आपली, आठ गेन्याची. सवयीनं दोन्ही गठ्ठ्यांवर तिरक्या रेघाही ओढल्या. ओपलनं मान लांब करून पाहिलं आणि म्हणाली, "आता कंपनी हेरिंगपण जोडून देणार का लांबच्या गावी?"

स्तेफानं पहिल्यांदा नुसतीच जुळणारी कार्डं मोजली. सात भरली. कोबी तिचा एकटीचा आणि खीर गेन्याची एकटीची, बाकी सगळं दोघींकडे. म्हणजे फार काही बिघडलेलं नाहीच, असं म्हणून ती खूश झाली. लेस्टरनं मान हलवली. त्यानं दोन्ही रांगा समोरासमोर मांडल्या आणि ओपलच्या विणकामातली लोकर मागून घेतली. "सारखी कार्डं धाग्यानं जोडा. पण एक धागा दुसऱ्याला ओलांडून जाता कामा नये." सार आणि हेरिंग यांचे धागे एकमेकांवरून गेले. शेवया आणि फळं यांचेही. प्रत्येक जोडीतला एक धागा सोडावा लागला. राहिले पाच.

"पण दोन ठिकाणी कोणता सोडायचा ते तुमच्या हातात," लेस्टर म्हणाला. "म्हणजे पाच-पाचचे संच एकाहून जास्त. मशीनला विचारलं तर ते एक काढून देईल आणि गप्प बसेल. किती आहेत हे आपण विचारल्याशिवाय सांगत नाही."

मशीनचा वेळ असल्या कामाला मिळण्यासारखा नव्हताच. लेस्टरनं तिला हातानं करायची रीत समजावली. सांगता सांगता पाच वाजले. शेवटी तो आणखी काहीतरी म्हणत होता, पण स्तेफाची बस होती.

रविवारी चर्चमधून आल्यावर तिनं स्वयंपाकघरातलं टेबल मोकळं केलं. त्यावर लाल-पांढऱ्या चौकोनांचं मेणकापड होतं, आईनं आणलेलं. वरच्या कडेला गेन्याची आठ कार्डं ओळीनं लावली आणि डाव्या कडेला आपली आठ. मधले चौकोन भरायचे. एकेका चौकोनाला एवढंच विचारायचं, की माझे इथवरचे पदार्थ आणि तिचे इथवरचे पदार्थ घेतले, तर क्रम न मोडता जास्तीत जास्त किती जुळतात? जितके जुळतील तितके पांढरे घेवडे ठेवायचे.

दोन्ही कार्डं सारखी आली, तर त्या चौकोनाच्या वरच्या डाव्या कोपऱ्याला तिरका टेकलेल्या चौकोनात असतील त्याहून एक घेवडा जास्त. वेगळी आली, तर डावीकडचा आणि वरचा चौकोन बघून ज्यात जास्त असतील तितके. एका चौकोनाला फक्त शेजाऱ्यांकडे बघायचं काम. पुढं काय आहे, एवढं सगळं कुठं चाललंय, याची त्याला काळजी नाही. स्तेफाला ही रीत आवडली. आईही असंच म्हणायची, की आजचा रुमाल शिव.

घेवड्यांशेजारी हिरवे वाटाणे. तितके घेवडे किती तऱ्हांनी मिळतात, तितके वाटाणे. कडेच्या बाहेर, जिथं अजून काहीच वाढलेलं नाही, तिथं सगळीकडे एकेक वाटाणा आहे असं धरायचं. काहीच न वाढायची तऱ्हा एकच. कार्डं सारखी आली तर कोपऱ्यातले वाटाणे जसेच्या तसे. वेगळी आली तर ज्या बाजूला घेवडे जास्त, त्या बाजूचे. दोन्ही बाजू बरोबरीच्या असल्या तर दोन्हीकडचे मिळून.

दुपारभर ती वाकून भरत होती. मधूनच एखादा वाटाणा घरंगळून शेजारच्या चौकोनात जाई आणि तिला ओळ पुन्हा धरावी लागे. आपल्या सारापाशी ती थांबली. तिथून गेन्याच्या हेरिंगपर्यंत एकच चौकोन होता. एवढंसं अंतर, आणि पाच वर्षं.

शेवटच्या चौकोनात, खाली उजव्या कोपऱ्यात, घेवडे आले पाच. लोकरीनं सांगितलं होतं तेवढेच. आणि वाटाणे?

तिनं दोनदा मोजले. बारा.

स्तेफा खुर्चीत मागे टेकली. तिनं छातीवर क्रूस काढला. बारा पदार्थ, बारा प्रेषित आणि बारा वाटाणे. आईनंच हे मेणकापड आणलं होतं, आईच्याच टेबलावर हे झालं. आई म्हणते आहे की ठीक आहे, दोघीही ठीक आहात, तिला बोलाव. फोनपर्यंत जाऊन तिनं रिसीव्हर उचललाही. मग पुन्हा ठेवला. एकदा लेस्टरला दाखवू, म्हणजे गेन्यानं उलटतपासणी घेतली तर विद्वानाचं नाव पुढं करता येईल. सगळे आकडे तिनं एका जुन्या छापील कागदाच्या पाठीवर उतरवून घेतले आणि घेवडे भिजत घातले. वाया कशाला घालवायचे.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत तिनं कागद लेस्टरपुढं ठेवला आणि बारा हा आकडा असा हळू म्हटला, की ओपलनं घास तोंडाशीच थांबवला.

"आईनं वाटाण्यांतून निरोप धाडला?" ओपलनं विचारलं.

"धाडला तर तुझं काय गेलं?"

"माझं काही नाही गं. माझी आई असती तर थोडक्यात बोलली नसती, एवढंच."

लेस्टर कागद बघत राहिला. मग म्हणाला, मिसेस डूडा, ते बारा संच मला एकेक करून सांगता का? स्तेफानं बोटं पुढं केली. सार, पिएरोगी, मश्रूम, कार्प, शेवया. हे एक. साराच्या जागी हेरिंग, हे दुसरं. मग सार घेऊन शेवटी फळं. मग हेरिंग आणि फळं. पाचवं बोट तसंच उभं राहिलं. पाचवा संच येईना. तिनं डोळे मिटून आणखी एकदा सगळं वाढलं, तरी येईना.

"तुमची बस होती ना त्या दिवशी," लेस्टर ओशाळून म्हणाला. "शेवटचं वाक्य राहिलं." ते वाक्य असं होतं, की दोन्ही बाजू बरोबरीच्या असल्या, आणि कोपऱ्यातल्या चौकोनातही घेवडे तितकेच असले, तर कोपऱ्यातले वाटाणे एकदा वजा करायचे. कारण ते डावीकडूनही आले आणि वरूनही आले. तीच माणसं दोन दारांनी आत आली आणि आपण दोनदा मोजली.

त्यानं पेन्सिलीनं ती जागा दाखवली. कोबी आणि खीर, ती दोन्ही एकटी, कोणाशीच न जुळणारी. त्यांच्या अलीकडे जे जेवण होतं तेच पलीकडेही होतं. पण त्यांना वळसा घालून जायच्या वाटा अनेक होत्या, आणि स्तेफानं प्रत्येक वाटेचं जेवण निराळं धरलं होतं. वजाबाकी केली की राहत होते चार.

"चार," स्तेफा म्हणाली. काल जे एवढं जवळ आलं होतं, ते पुन्हा लांब गेलं होतं. तिनं विचारलं, "मग या चारांतलं आईचं कोणतं?"

लेस्टरनं पेन्सिल दाढीत ठेवली. "कोष्टकाला आई माहीत नाही, मिसेस डूडा. दोघींमध्ये काय टिकून आहे, तेवढंच त्याला कळतं. चारही सारखेच लांब आहेत, पाच-पाच पदार्थांचे. एकीकडे झुकायला त्याच्याकडे कारण नाही."

स्तेफा त्या दिवशी भोकं पाडताना दोनदा चुकली. असं तिचं कधी होत नसे. घरी जाताना बसमध्ये तिला वाटलं, की आपण उत्तर मागायला गेलो आणि हातात एक प्रश्न घेऊन आलो. पण प्रश्न होता, आणि तो फोनवर विचारता येण्यासारखा होता. गेल्या पाच वर्षांत तेवढंही जवळ नव्हतं.

पुढच्या रविवारी, लांबच्या फोनचे दर स्वस्त असतात तेव्हा, तिनं बफेलोला फोन लावला. गेन्यानं उचलला. आवाज म्हातारा झाला होता. स्तेफानं नमस्कार-चमत्कार केलाच नाही, कारण ते करताना रडू आलं असतं. ती एकदम म्हणाली, "चार आहेत."

"काय चार? कोण मेलं?"

"कोणी नाही मेलं. आपलं नाताळचं जेवण. हिशेब केला. पाच पदार्थ दोघींचे जुळतात आणि ते चार तऱ्हांनी लागतात. म्हणजे तूही बरोबर निघतेस."

मग गेन्या म्हणाली की तूही म्हणजे काय, मी बरोबरच होते. हेरिंग आधीच यायचा. बाबा रंगाच्या खात्यातून गारठून यायचे, हात निळे, ते घासून धुवायला वेळ लागायचा, तोवर आई त्यांना उभ्याउभ्या हेरिंग आणि पाव द्यायची. सार चुलीवर राहायचं. ते बसले की मग सार.

स्तेफा भिंतीला टेकली. तिच्या आठवणीतल्या टेबलाशी बाबा नव्हतेच. आल्या आल्या उभ्यानं खाणारं कोणी नव्हतं, म्हणून आईनं सार आधी आणलं असेल. की हेरिंगनं सुरुवात करायचं आईच्या जिवावर आलं असेल? इतकी वर्षं सार पहिलं येत होतं आणि त्यामागं एक माणूस नव्हता, हे स्तेफाला कोणी सांगितलंच नव्हतं.

"मला ठाऊक नव्हतं गं," ती म्हणाली.

"तू एवढीशी होतीस. आणि मी निघून आले होते. सार आधी येतं हे मलापण कुठं ठाऊक? नाताळ माझा दरवर्षी सासरीच जायचा. आई काही बोलायची नाही."

मग शेवयांचा विषय निघाला. शेवया आधी की फळं? इथं गेन्या अडखळली. म्हणाली, फळंच आधी. मग म्हणाली, वाटतं तरी तसं. मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, "ती माझ्या सासूची पद्धतसुद्धा असेल. तीस वर्षं तिच्या हाताखाली काढली, काय कोणाचं ते आता वेगळं निघत नाही."

स्तेफाला हसू आलं, आणि तिनं ते ऐकू जाऊ दिलं. मग तिनं विचारायचं ते विचारलं. "येतेस?"

गेन्या म्हणाली, बघू. गुडघे धड नाहीत, गाडी मुलगा चालवतो, आणि इथलं बर्फ तुला माहीत आहे. बघू.

स्तेफानं त्या 'बघू'वर पंधरवडा काढला. खोलीतल्या पलंगावर धुतलेल्या चादरी घातल्या. कार्प दोघींना पुरेल एवढा आणला. कोबी केला, आणि आयुष्यात पहिल्यांदा गव्हाची खीरही केली. गहू थोडे कच्चे राहिले. नाताळच्या आदल्या दिवशी सकाळी रेडिओ म्हणाला, बफेलोकडचे रस्ते बंद. तिनं रेडिओ बंद केला आणि ताट पुसलं.

चार वाजून गेले तशी ती खिडकीशी उभी राहिली. गल्लीत एक गाडी वळली आणि पुढं गेली. गिरणीच्या धुरांड्यावर तारा दिसला, चांगला टपोरा. तेवढ्यात फोन वाजला.

"तुझा दिसला का?" गेन्यानं विचारलं.

"दिसला."

"माझा नाही अजून. आम्ही पश्चिमेला, इथं उजेड रेंगाळतो. बर्फही आहे. तू बस, जेव."

"थांबते," स्तेफा म्हणाली.

दूरचा फोन, मिनिटाला पैसे पडत होते. गेन्यानं ते बोलूनही दाखवलं, पण ठेवला मात्र नाही. दोघी तशाच उभ्या राहिल्या, एक अंधाराशी आणि एक उजेडाशी. मग गेन्या म्हणाली, ढगात काही दिसायचं नाही, आला असं धरून चालू. दोघींनी आपापली चकती मोडली. स्तेफानं वायर ओढून घेतली आणि रिसीव्हर त्या रिकाम्या ताटात उताणा ठेवला.

आधी हेरिंग. बाबांसाठी तिनं तो उभ्यानंच खाल्ला. मग सार, पिएरोगी, मश्रूम, कार्प. ताटातून चमच्याचा आवाज येत होता, बारीक, पत्र्याचा वाटावा असा. कोबीच्या वेळी गेन्या म्हणाली, तू खा, माझ्याकडे नाही. खिरीच्या वेळी स्तेफानं खाऊन सांगितलं, कच्ची आहे. गेन्या म्हणाली, गहू आदल्या रात्री भिजवावे लागतात, कोणी शिकवलं नाही का तुला. शिकवणार कोण, स्तेफा म्हणाली, तू तिकडे.

मग शेवया आणि फळं राहिली. दोन्ही भांडी स्तेफानं समोर शेजारीशेजारी ठेवली.

"काय घेतेस आधी?" तिनं ताटाकडे वाकून विचारलं.

बफेलोत कुठं तरी खुर्ची सरकली.

"ते राहू दे आज," गेन्या म्हणाली. "झाकून ठेव. मी आले की ठरवू."

स्तेफानं दोन्ही भांड्यांवर झाकण घातलं. रिसीव्हर मात्र लगेच उचलून जागेवर ठेवला नाही. गेन्या तिकडे कोणाला तरी दिवा लावायला सांगत होती, ते ऐकत बसली.